आईंचं पोट बरं नाही

ऑगस्टमध्ये आमचा गाड्यांचा कारखाना तीन आठवडे बंद असतो आणि त्याबरोबर अर्धं रेगेन्सबर्ग गावाला जातं. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरासमोर गाडीच्या टपावर सामानाचा पेटारा चढवणं चालू असतं. बेकरीत प्लमच्या केकची मोठी ताटं येतात, त्यांच्यामागून गांधीलमाश्या येतात, आणि बेकरीवाली बाई त्यांना हाताने हाकलत प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारते: मग, यंदा कुठे? आपल्याकडे जेवलात का विचारतात तितक्या सहज इथे ऑगस्टमध्ये हे विचारतात. उत्तरंही ठरलेली असतात. क्रोएशिया, इटली, नाहीतर सासरच्यांकडे.

"यंदा कुठेच नाही," मी परवा म्हटलं.

"का हो?"

"जावंसं वाटत नाही."

बाई "पास्ट शोन" म्हणून केक बांधायला लागली. म्हणजे, चालतंय की. एरवी मी म्हटलं असतं, सासूबाई आल्यात ना, त्यांना प्रवास झेपत नाही. खोटं कारण द्यायला मला विचार करावा लागत नाही. ते आपोआप जिभेवर येतं, आणि येतं तेही नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी तब्येतीचं. या सवयीने मी काय करून ठेवलंय ते मला या उन्हाळ्यात कळलं. तेव्हापासून इथले लोक सुट्टीच्या गोष्टी सांगायला लागले की मी तिथून काढता पाय घेते.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्ही टांझानियाला गेलो होतो. मी, माझा नवरा निनाद, तेव्हा नऊ वर्षांची आमची इरा, आणि पुण्याहून दर उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी येणाऱ्या माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. त्या वर्षी माझ्या तोंडी एकच विषय होता: जबाबदार पर्यटन. एका लहानशा एजन्सीचं माहितीपत्रक वाचून मी भारावून गेले होते. डोंगरातलं एक गाव, तिथल्या बायकांच्या गटाने चालवलेलं चार खोल्यांचं गेस्टहाउस, आणि स्वयंपाक आळीपाळीने गावातल्या घरांकडे. ज्या दिवशी ज्या घराची पाळी, त्या दिवशी पाहुण्यांचं जेवण त्या घरचं आणि त्याचा मोबदलाही थेट त्या घराचा. मधे कोणी नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या बैठकीत मी सगळ्यांना ऐकवलं होतं, "आम्ही नाही बाई त्या रिसॉर्टमध्ये जाऊन लोळणार. तो सगळा पैसा गावाच्या बाहेर जातो. आम्ही त्या बायकांकडे राहणार, त्या रांधतील ते खाणार." ऐकणाऱ्यांतल्या तिघीजणी अजून रेगेन्सबर्गमध्येच राहतात.

मनातून तर माझा तोरा याहूनही वरचा होता. मला वाटत होतं, आपण काही गोरे नाही. आपल्याला चूल माहीत आहे, हाताने जेवणं माहीत आहे, पाहुण्याला आग्रह करणं माहीत आहे. जर्मन पर्यटक लांबून कौतुक करतात तसं आपलं होणार नाही, आपण आत जाऊन बसू. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण शाळेच्या निबंधात वापरून मी मार्क मिळवलेत. तिचा अर्थ मला चाळिशी उलटल्यावर कळायचा होता.

निघण्याआधी लसी घ्यायला गेलो तर डॉक्टरांनी बजावलं, "उकळा, शिजवा, सोला, नाहीतर सोडून द्या." तसा एक छापील कागदही दिला. तो मी फ्रिजवर लावला आणि सामान भरताना एक अख्खी सूटकेस खाण्याची केली. मेतकूट, भाजणी, खाकरे, उपम्याची पाकिटं, तांदूळ, मुगाची डाळ, आणि खोलीत चालेल असा लहान इलेक्ट्रिक कुकर. निनादने विचारलं, "अगं, पण तिथे जेवण आहे ना?"

"असू दे," मी म्हटलं. "कशाला त्यांना त्रास?"

कशाला त्यांना त्रास. हे आपलं लाडकं वाक्य. कुणाकडे उतरलो की सकाळी अंथरुणाची घडी आपणच घालायची, दुसऱ्यांदा चहा नको म्हणायचं, निघताना बाथरूम पुसून घ्यायचं, म्हणजे आपण चांगले पाहुणे. यात चांगुलपणा नाही असं मी म्हणत नाही, माझी आई असंच वागते आणि लोक तिचं नाव काढतात. पण या वाक्याच्या आड कधी कधी आपण आपली किळस लपवतो, आणि ती तिथे लपलीय हे स्वतःलाही कळू देत नाही.

आफ्रिका म्हणजे ऊन, अशी माझी समजूत होती. ते गाव निघालं धुक्यातलं. सकाळी दहापर्यंत समोरचा डोंगर दिसायचा नाही, नुसते आवाज यायचे. कोंबडे, कुऱ्हाड, कुणीतरी कुणालातरी लांबून घातलेली साद. निलगिरीच्या झाडांचा वास, ओल्या सरपणाचा धूर, आणि इराच्या पांढऱ्या मोज्यांना लागलेली लाल माती, जी इथे आल्यावर चार धुण्यांनंतरही पुरती गेली नाही. आईंची शाल पहिल्याच दिवशी बॅगेतून निघाली. गावातली लहान मुलं रस्त्यात भेटली की मान झुकवून वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार त्यांच्या भाषेत करायची, आणि आई प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवायच्या. तासाभरात त्या तिथल्या होऊन गेल्या. आरोग्यखात्यात नर्स म्हणून त्यांचं आयुष्य खेडोपाडी फिरण्यात गेलंय. मी पिंपरी-चिंचवडच्या सोसायटीत वाढले, जिथे पाण्याच्या टाकीला कुलूप असायचं.

बायकांच्या गटाच्या प्रमुख होत्या रेहेमा. साठीच्या, निवृत्त शिक्षिका. त्या इंग्रजी सावकाश आणि पूर्ण वाक्यांत बोलायच्या, त्यामुळे त्यांच्यासमोर आपणही नीट बसावं असं वाटायचं. पहिल्या दिवशीची पाळी म्वानाईदी नावाच्या बाईंची होती, आईंच्याच वयाच्या. पुढच्या दोन दातांत फट, आणि हसल्या की खांदे हलायचे. आम्ही पोचल्यावर त्यांनी सगळ्यांसाठी चहा आणला होता. आम्ही तिघांनी कप नुसते हातात धरले. आईंनी दोन कप प्यायले.

मग म्वानाईदींनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तीन दगडांची चूल होती. मोठ्या पातेल्यात घेवडा रटरटत होता, दुसऱ्यात पालेभाजी, ती तर आपल्या माठासारखीच दिसत होती. आम्ही मांस खात नाही हे त्यांना आधीच कळलेलं, म्हणून सगळं शाकाहारी. कोपऱ्यात पिवळ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरलेलं. दारातून एक कोंबडी आत आली, भांड्यांच्या कडेकडेने चालत गेली आणि आली तशी निघून गेली. माशा होत्या. म्वानाईदींनी मक्याच्या पिठाची घट्ट उकड बोटांनी चेपून पाहिली, थोडी तोंडात टाकली आणि पसंतीची मान डोलावली. मग तेच बोट पदरासारख्या कापडाला पुसून मला पुढचं पातेलं उघडून दाखवलं. मला किळस आली. दुसरा शब्द नाही. चूल माहीत आहे म्हणणारी मी, चुलीपासून दोन पावलं मागे सरले.

मी हसले, छान छान म्हटलं आणि बाहेर आले. ओट्यावर रेहेमा उभ्या होत्या. "जेवण तयार आहे," त्या म्हणाल्या.

"सॉरी," मी म्हटलं, "आमच्या आईंचं पोट बरं नाही. आम्ही त्यांच्याबरोबर खोलीतच काहीतरी हलकं खाऊन घेतो."

हे वाक्य आपल्याकडे रोज कुठे ना कुठे म्हटलं जात असेल. ऐकणाऱ्याला माहीत असतं की पोट चांगलं ठणठणीत आहे. तो "बरं बरं, घ्या हो काळजी" म्हणतो, विषय संपतो आणि दोन्हीकडची अब्रू शाबूत राहते. मला वाटलं इथेही तसंच होईल. पण रेहेमांचा चेहरा उतरला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"इथे आल्यापासून," मी म्हटलं.

प्रवासात बिघडलं म्हटलं असतं, जर्मनीहूनच घेऊन आलो म्हटलं असतं, तरी भागलं असतं. मी ते का म्हटलं नाही, याचा गेले दोन महिने विचार करतेय. उत्तर एवढंच सापडतं की मी त्या क्षणी कसलाच विचार केला नव्हता.

दुपारी बायका एकेक करून आईंना भेटायला आल्या. आईंचा हात दोन्ही हातांत घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पोले, मामा, पोले साना." आईंना वाटलं हा नमस्कार. त्या तोंडभर हसून म्हणायच्या, "नमस्कार, नमस्कार." एखाद्याचं दुखणं ऐकून आपल्याला वाईट वाटतंय हे सांगण्यासाठी तो शब्द असतो, हे मी घरी परतल्यावर कधीतरी शोधलं आणि लगेच विसरूनही गेले. म्वानाईदी सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांनी हात बराच वेळ सोडला नाही, आणि त्या हसत नव्हत्या.

खोलीत मी कुकरला मुगाची खिचडी लावली. दाराच्या फटीतून घेवड्याचा वास आत येत होता. "काय शिजतंय गं बाहेर? खमंग वास सुटलाय," आई म्हणाल्या.

"ते त्यांच्या घरचं आहे, आई."

इरा खाकरा मोडत बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "पण आजी तर आजारी नाहीये," ती तिच्या जर्मनमध्ये म्हणाली. तिने माझं ओट्यावरचं बोलणं ऐकलं होतं. आईंना जर्मन येत नाही, म्हणून मी वाचले. मी पोरीकडे डोळे वटारले आणि ती खाकऱ्याकडे बघायला लागली. ते तिचं मान खाली घालणं मला आज जास्त लागतं.

चार दिवस राहिलो. चार घरांच्या पाळ्या झाल्या. रोज दुपारी कापडाने झाकलेली पातेली आमच्या दारावरून त्यांच्याच घरी परत गेली. तिसऱ्या दिवशी रेहेमा थर्मास घेऊन आल्या, आईंच्या पोटासाठी कसलातरी काढा. मी आभार मानले आणि त्या वळल्यावर तो केळीच्या बुंध्याशी ओतला. गवती चहाचा वास आला होता, ओळखीचा. तरीही ओतला. निनाद एकदा म्हणाला, "एक वेळ खाऊन बघू या का?" मी म्हटलं, "आणि पोरीला काही झालं तर?" त्यावर कुठला बाप काय बोलणार? शिवाय जेवणाचे पैसे आपण आधीच भरलेत, मग त्यांचं काय बिघडतंय, हाही एक मुद्दा मी तयार ठेवला होता. तो कोणी विचारलाच नाही.

परत आल्यावर मंडळात फोटो दाखवले. धुकं, लाल रस्ता, आईंभोवती गावची मुलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारखान्यात माझ्या समोरच्या टेबलावर बसते त्या पेट्रालाही मी गळ घातली, जाच एकदा, खरं जग बघशील.

पेट्रा यंदा जूनमध्ये जाऊन आली. कँटीनमध्ये माझ्यासमोर ताट ठेवत म्हणाली, "आल्झो, तर गाव सुंदर. बायका इतक्या गोड! फक्त ते जेवणाचं, तू सांगितलेलं, पाळीचं, ते आता नाही. खालच्या शहरातून जीप येते, फॉइलच्या डब्यांत भात घेऊन. तोवर गार झालेला असतो."

"का?"

"तुला माहीत नाही?" पेट्राने काटा खाली ठेवला. "दोन वर्षांपूर्वी एक भारतीय आजी त्यांच्या गावात आजारी पडल्या. त्या बायकांनी मिळून ठरवलं की पाहुण्यांना आता आपल्या हातचं द्यायचं नाही. पुन्हा कुणाला काही झालं तर? एजन्सी बिचारी म्हणत होती चालू ठेवा, याच तयार नाहीत. काही जणी आता चहाच्या मळ्यात पानं खुडायला जातात. मुग्धा, त्या तुझ्या सासूबाई होत्या ना? तू कधी बोलली नाहीस."

खरं सांगायची जागा ती होती. समोर पेट्रा, जिला खरं ऐकून काही धक्का बसला नसता. जर्मन माणसं असल्या गोष्टी सरळ ऐकतात.

"जा, गेनाऊ," मी म्हटलं, म्हणजे हो, अगदी बरोबर. "पण फार काही नव्हतं गं. दोन-तीन दिवस."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. पेट्राने बॅगेतून कागदात बांधलेली एक पुडी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. "रेहेमाने दिलीय. आजींच्या पोटासाठी. रोज एक कप घ्यायला सांगितलंय." आत वाळलेल्या गवती चहाची पाती होती, एकसारखी कापून दोऱ्याने बांधलेली. मी ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर लावला. जूनचा शेवट गेला, सगळा जुलै गेला. ड्रॉवर उघडला की वास यायचा, म्हणून मी पेनं टेबलावर ठेवायला लागले.

माझं काम दोषाचं मूळ शोधण्याचं आहे. दरवाजाचं रबर नीट बसलं नाही आणि "कामगाराची चूक" असं लिहून कागद माझ्याकडे आला, तर मी तो परत पाठवते. का चुकला, त्याच्यामागे काय, त्याच्याही मागे काय, असं पाचदा विचारल्याशिवाय मी सही करत नाही. लोक वैतागतात, पण मला त्याचा अभिमान आहे. त्या गावात त्या बायकांनीही असंच शोधलं असेल. पाणी पाहिलं असेल, पीठ पाहिलं असेल, पातेली पुन्हा घासली असतील. जो दोष नव्हताच तो किती दिवस शोधला असेल कुणास ठाऊक, आणि सापडला नाही तेव्हा आपल्याच हातांवर लिहून मोकळ्या झाल्या. त्या कागदावर सही माझी आहे.

मला इथे नोकरी लागली त्या पहिल्या वर्षाची एक गोष्ट आठवते. इथे ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांना खाऊ न्यायचा असतो. मी पहाटे उठून नारळाच्या वड्या केल्या होत्या, केशर घालून. डबा घेऊन टेबलाटेबलाशी गेले. चौघांनी घेतल्या. पाचवा डब्यात डोकावून म्हणाला, "नाइन, डांकं. नको, नारळ मला आवडत नाही." बाकीचेही तसेच, एकाला गोड नको, एकाला दिसायलाच आवडल्या नाहीत, त्याने तसं सांगितलंसुद्धा. अर्धा डबा परत आला आणि मी ट्रामसारख्या लांबलचक बसमध्ये शेवटच्या सीटवर बसून रडले. केवढे उद्धट लोक, असं निनादला फोनवर सांगितलं. पण मला माझ्या वड्यांचा संशय कधीच आला नाही. मला वाटलं, यांना चव नाही. त्यांच्या तोंडावरच्या "नाही"ने माझा अपमान झाला असेल, पण माझ्या हातावरचा विश्वास माझ्याकडेच राहिला. पुढच्या वर्षी मी पुन्हा वड्या केल्या. मी म्वानाईदींना "नाही" म्हटलं असतं, मला भीती वाटते म्हटलं असतं, तर त्या घरी जाऊन मला नावं ठेवून मोकळ्या झाल्या असत्या. ठेवायलाच हवी होती. मी इतकी गोड बोलले की त्यांना स्वतःलाच नाव ठेवावं लागलं.

जुलैच्या अखेरीस कारखाना बंद व्हायच्या दिवशी सगळे आपापले ड्रॉवर रिकामे करतात. मी माझा एका कापडी पिशवीत उलटा केला आणि पिशवी घरी स्वयंपाकघरात ठेवली. आई यंदाही आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली.

"अगं मुग्धा, हा गवती चहा कुठून आणलास? इथे मिळतो?"

एशियन दुकानातून, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. शपथेवर सांगते, आले होते. टेबलाशी इरा दूध पीत बसली होती. आता अकरा वर्षांची. तिने कप खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला पुडीचं काही माहीत नव्हतं. ती फक्त वाट बघत होती की आता आई काय सांगते, आणि ती नजर ओळखीच्या गोष्टीकडे बघण्याची होती.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं.

आई खुर्चीवर बसल्या. "म्हणजे ते जेवण आपल्यासाठी होतं?"

"हो."

"चारही दिवस?"

"हो, आई."

"आणि त्या बायका माझा हात धरून म्हणायच्या, ते काय होतं?"

"तुम्ही आजारी आहात म्हणून. त्यांना वाईट वाटत होतं."

"आणि मी हसत होते," आई म्हणाल्या.

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्हाला बाहेरचं चालणार नाही."

"खोटं बोलू नकोस," त्या म्हणाल्या. चौदा वर्षांत त्या मला कधी असं तोडून बोललेल्या नाहीत. "लसी टोचत हिंडले मी, ज्या घरात भाकरी पुढे आली त्या घरात बसून खाल्ली. हे तुला माहीत आहे. माझं नाव तुला सोयीचं होतं म्हणून वापरलंस." मग त्या उठल्या, पातेलं घेतलं आणि गवती चहा उकळत ठेवला. इराने विचारलं तिलाही मिळेल का. आम्ही तिघींनी तो घेतला.

त्या दिवशी मी एजन्सीला पत्र लिहिलं. जर्मन भाषेला निमित्तं सांगता येत नाहीत अशातला भाग नाही, पण मी लहान वाक्यं लिहिली. माझी सासू आजारी नव्हती. तिने तिथे जेवण घेतलंच नाही. मी खोटं सांगितलं. हे तुमच्या माहितीपत्रकात, माझ्या नावासकट, छापायला माझी हरकत नाही. अजून उत्तर नाही, तेही सुट्टीवर असतील. मंडळातल्या त्या तिघींनाही सांगायचंय. त्यातल्या एकीला सांगून झालंय. ती म्हणाली, "जाऊ दे गं, सगळेच करतात," आणि मला वाटलं हिच्याशी पुन्हा बोलूच नये.

पण पत्राने आईंचं समाधान झालं नाही. "त्या बाईला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. पेट्राकडून रेहेमांचा नंबर घेतला आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर तो ओटा आला, मागे धुकं. रेहेमांनी आधी निरोप दिलेला असावा, कारण सात-आठ जणी गोळा झाल्या होत्या. म्वानाईदी एका कडेला उभ्या होत्या. त्या खूप थकलेल्या दिसल्या.

"मामांचं पोट आता कसं आहे?" रेहेमांचा पहिला प्रश्न.

मी घसा साफ करून सुरुवात केली. की खरं म्हणजे त्या वेळी प्रवासाचा शीण होता, आणि डॉक्टरांनीही आम्हाला जरा... आईंना इंग्रजी अर्धंमुर्धं कळतं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मी सांगते ते सांग," त्या म्हणाल्या. "इकडचा शब्द तिकडे करू नकोस. म्हण, मी आजारी नव्हते. मला चारही दिवस तुमच्या जेवणाचा वास येत होता आणि मला ते खायचं होतं. ते माझ्यासाठी आहे हे मला कोणी सांगितलं नाही."

मी ते सांगितलं. जसंच्या तसं. आणि शेवटी माझं एक वाक्य घातलं, की ते त्यांना सांगायला हवं होतं मी, आणि मला किळस आली होती.

रेहेमा मागे वळल्या आणि त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगत राहिल्या. बराच वेळ लागला. मधे कुणीतरी काही विचारलं, कुणीतरी मोठ्याने काही बोललं. मग म्वानाईदी पुढे आल्या, अगदी पडद्याजवळ, आणि त्यांनी दोन-तीन शब्दांचा एक प्रश्न विचारला.

"ती विचारतेय," रेहेमा म्हणाल्या, "पाणी चांगलं होतं?"

"चांगलं होतं," मी म्हटलं.

ते ऐकून म्वानाईदी तिथेच ओट्यावर खाली बसल्या. शेजारच्या बाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रेहेमा माझ्याकडे वळून त्यांच्या त्या सावकाश, पूर्ण वाक्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुमच्या आईंना चहा तिनेच दिला होता. दोन वर्षं ती तिच्या नातवंडांचं पाणीसुद्धा दोनदा उकळते. आमच्याकडे सरपण लांबून आणावं लागतं. ती सांगायची, एका म्हातारीला मी आजारी पाडलंय, आता घरच्यांना पाडायचं नाही."

आईंना एवढं भराभर इंग्रजी कळलं नाही. त्या म्वानाईदींकडे बघत होत्या.

"काय म्हणाल्या गं त्या?" त्यांनी मला विचारलं, आणि मला ते मराठीत सांगावं लागलं.